स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न टाकताय? आधी टॅग बघा

ज्यांच्या सॉफ्टवेअरची देखभाल आम्ही करतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे प्रोग्रॅमर अडलं की स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्न टाकतात. जरूर टाका. मात्र नीट लिहिलेल्या प्रश्नालाही कधी कधी उत्तर येत नाही, आणि त्यामागे टॅग, म्हणजे प्रश्नाला लावलेलं विषयाचं लेबल, असू शकतो. तिथली जाणकार मंडळी सगळे प्रश्न वाचत नाहीत. आपापले टॅग धरून तेवढेच पाहतात.

घोळ होतो तो एकाच नावाच्या दोन-तीन वस्तू असल्या की. 'स्पार्क' घ्या. प्रचंड डेटा हाताळणारं अपाची स्पार्क वेगळं, जावात छोटी वेब अ‍ॅप्लिकेशन्स लिहायचं स्पार्क वेगळं, आणि एडा भाषेवर आधारलेलं स्पार्क आणखी तिसरंच. म्हणून तिथे 'अपाची-स्पार्क' आणि 'स्पार्क-जावा' असे स्वतंत्र टॅग आहेत. 'एसएएस' जास्त फसवं: टॅग आहे डेटा विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचा, पण अझूर स्टोरेजवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठवणुकीवर) काम करणारे 'शेअर्ड अ‍ॅक्सेस सिग्नेचर'लाही, म्हणजे त्या साठवणुकीत मर्यादित प्रवेश देणाऱ्या सहीलाही, एसएएसच म्हणतात. वेब अ‍ॅप्लिकेशन्स लिहायच्या अँग्युलरच्या जुन्या, १ मालिकेतल्या आवृत्त्यांसाठी 'अँग्युलरजेएस' आणि २ पासून पुढे नुसतं 'अँग्युलर'. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषांबद्दल काही बोलायलाच नको.

साइटवाले हे एका फटक्यात का निस्तरत नाहीत, असं आम्हाला ग्राहक विचारतात. दोन टॅगांचा अर्थ एकच असेल तर एकाला दुसऱ्याचा समानार्थी ठरवता येतं. जुना टॅग लिहिला तरी आपोआप नवाच लावला जातो. एका टॅगचे दोन अर्थ असले की ही सोय कुचकामी, कारण सगळे प्रश्न एकाच बाजूला ढकलले जातील. मग कुणीतरी एकेक प्रश्न वाचून टॅग बदलायचा. त्यातही प्रत्येक बदलाने जुना प्रश्न ताज्या हालचालींच्या यादीत वर येतो, म्हणून हे काम बेताबेताने करावं लागतं.

तुमच्यापुरता उपाय सोपा आहे. टॅग निवडताना त्याखाली येणारं छोटं वर्णन वाचा. बहुतेक जण तेच वाचत नाहीत. एका प्रश्नाला पाचपर्यंत टॅग लावता येतात, तेव्हा भाषेचा टॅग आधी आणि लायब्ररीचा (वापरलेल्या तयार कोडचा) नंतर लावा. नेमका टॅग सापडलाच नाही, तर संदिग्ध टॅग लावण्यापेक्षा ते नाव आवृत्तीसकट प्रश्नाच्या मजकुरात लिहा.

शंका असेल तर प्रश्नाचा मसुदा टाकण्याआधी आम्हाला पाठवा. टॅग सुचवण्याचे पैसे घेत नाही. फक्त त्यातले पासवर्ड आणि गुप्त की (keys) आधी काढून टाका.