दंडावरच्या पट्ट्याची कुळकथा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकोनांत आधी दुधाचा रतीब आणि सिलिंडर लावल्याची तारीख असायची. आता तिथे आत्याच्या बारीक अक्षरात रक्तदाबाचे जोडआकडे असतात. सकाळी १३२/८४, रात्री १२८/८०. हीच आत्या दवाखान्यात गेली की १५८ला पोचते. मग घरात वाद सुरू: मशीन खोटं, की आत्या घाबरट, की डॉक्टर घाईत? वाद आमच्या घरचा असला, तरी सव्वाशे वर्षांचा जुना आहे.

रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो माणसाचा नव्हे, घोडीचा. इंग्लंडमधला स्टीफन हेल्स हा पेशाने पाद्री. त्याने घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढलं. १७३३ साली त्याने हे छापलं. घोडी अर्थातच वाचली नाही. १८२८ मध्ये पॅरिसच्या प्वाझय या डॉक्टराने पाऱ्याचा स्तंभ वापरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे आठ फुटांचं काम वीतभर नळीत भागलं. आत्या आपल्या १३२पुढे जे लिहीत नाही, ते ‘मिलिमीटर पारा’ हे माप तिथलं.

धमनी न कापता मोजायची सोय झाली १८९६ मध्ये. इटलीतल्या तुरीनच्या रिवा-रोच्ची या डॉक्टराने दंडाभोवती रबरी पट्टा बांधला, फुगवला, आणि मनगटाची नाडी कधी थांबते ते बोटाने पाहिलं. रुग्णाची मनःस्थिती बदलली की आकडाही बदलतो, हे त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याचा पट्टा फार अरुंद होता आणि आकडे फुगून येत. १९०१ मध्ये रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टराने तो रुंद केला. (जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आजही तीच चूक होते. घरी मशीन आणताना किंमत सगळे बघतात, पट्ट्याचं माप कोणी विचारत नाही.) १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कोरोत्कोव्ह या लष्करी डॉक्टराने कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप टेकवला. ठोके कधी सुरू होतात आणि कधी विरतात ते ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे मिळाले. त्याचं टिपण जेमतेम पानभराचं होतं.

आकडा मिळाला, पण त्याचं करायचं काय, हे पुढची पन्नास वर्षं ठरेना. विमा कंपन्यांना मात्र लवकर उमगलं, कारण त्यांच्याकडे मेलेल्यांचा हिशेब होता. ज्यांचा आकडा जास्त, ते आधी जातात आणि कंपनीला खड्ड्यात घालतात. डॉक्टर मंडळी उलट मानत. धमन्या कडक झाल्या म्हणून शरीरच दाब वाढवतं, तेव्हा तो वाढणं गरजेचंच, असा समज होता. १९३१ मध्ये पॉल व्हाइटसारख्या नामवंत हृदयतज्ज्ञानेही या दाबाशी खेळू नये, असा इशारा दिला. १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १८६/१०८ भरला. त्यावर हाती होतं काय, तर विश्रांती, मीठ कमी आणि हृदयासाठी डिजिटॅलिस हे औषध. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा आकडा ३००च्या पुढे होता. १९४८ पासून अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५,२०९ माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली, तेव्हा कुठे वैद्यकाला विमावाल्यांचं म्हणणं पटलं.

आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधा ही वनौषधी देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात निष्कर्ष छापले. जगभर तिचा बोलबाला झाला. पुढे तिच्यातल्या रिसर्पिन या द्रव्याने काहींचं मन खिन्न होतं हे दिसलं, आणि ती मागे पडली. १९५८च्या सुमारास लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गोळ्या आल्या. गोळ्यांनी जीव वाचतात हे १९६७ आणि १९७०च्या अमेरिकी चाचण्यांनी सिद्ध केलं. आत्याची गोळी या वंशावळीतली.

पण ताण कमी करून दाब उतरवण्याची गोष्ट सांगायची, तर बडोद्यालाच परत यावं लागतं.

बडोद्याजवळच्या डभोईला १८८३ मध्ये जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे बडोद्यात माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत तयार झाले. पुढे नर्मदाकाठच्या मालसर इथे माधवदासजींकडे ते योग शिकले. हेच स्वामी कुवलयानंद. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत आपल्या शिष्यांना उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या, फिरवण्याच्या योगक्रिया करायला लावून शरीरात काय घडतं ते तपासलं. या क्रियांत पोटातला दाब हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, हे त्यांनी पुढे मोजून दाखवलं. आसनाचं माहात्म्य सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. दाबमापक लावून बघू या, असं म्हणणारा माणूस दुर्मीळ. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, आणि सर्वांगासन, मत्स्यासन करताना रक्तदाबाचं काय होतं याच्याही नोंदी तिथे झाल्या.

त्याच धाग्यावर १९६९ मध्ये मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांकडून रोज शवासन करवून घेतलं. ज्यांनी औषध घेतलंच नव्हतं, त्यांचा दाब उतरला. गोळ्यांवर आटोक्यात असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा डोस घटवता आला. घटवला डॉक्टरांनी, मोजून. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्या गल्लीत प्राणायामाच्या पहिल्याच आठवड्यात गोळी बंद करणारे पुष्कळ आहेत. १९७३ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी २० रुग्णांना शिथिलीकरण आणि ध्यान शिकवलं आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत दिला. पाहणी लहान होती, पण त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टरांना या गोष्टीकडे काणाडोळा करणं जड गेलं.

मिठाची कथा याला समांतर चालते. १९४४च्या सुमारास अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातला वॉल्टर केम्पनर हा मूळचा जर्मन डॉक्टर रुग्णांना भात आणि फळं एवढंच खाऊ घालत होता, जवळजवळ बिनमिठाचं. दाब उतरत, पण महिनोन्‌महिने असं कोण जेवणार? १९८८ मध्ये ३२ देशांतल्या १०,०७९ माणसांच्या लघवीतलं सोडियम, म्हणजे खाल्लेल्या मिठाचा माग, मोजलं गेलं. त्यात दिल्ली होती, लडाखही होतं. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा दाब वयाबरोबर चढत नव्हता. १९९७ मध्ये भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूधदुभतं यांवर भर देणाऱ्या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ मिलिमीटरनी खाली आणला.

आता हे बडोद्यात लावून बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभर. आमच्याकडे सकाळी गांठिया, संध्याकाळी शेव-उसळ, पाहुणे आले की लीलो चेवडो. त्यावर मराठी पानाची शिस्त अशी, की डाव्या कोपऱ्यात मीठ आधी वाढायचं, शेजारी लोणचं, वर पापड. शिवाय पापडखार आणि खायचा सोडा हेही सोडियमच. जिभेला खारट लागत नाहीत म्हणून हिशेबात धरले जात नाहीत. आत्याने वरचं मीठ सोडलं तेव्हा तिला वाटलं, झालं. गांठिया सोडायला आणखी दोन वर्षं लागली.

राहिला घरच्या मशीनचा वाद. १९४० मध्येच बोस्टनच्या एमन आणि गोल्डशाइन या डॉक्टरांनी रुग्णांना घरी दाब मोजायला शिकवलं होतं. घरचे आकडे दवाखान्यापेक्षा कमी भरले. पण ठोके ऐकून मोजणं घरच्यांना जिकिरीचं. ओमरॉन कंपनीने १९७३ मध्ये आपलं पहिलं रक्तदाबमापक काढलं (कालनिर्णयही त्याच वर्षीचं). १९७६च्या सुमारास ठोके न ऐकता पट्ट्यातल्या हवेच्या कंपनांवरून आकडा काढणारी यंत्रं आली. आत्याचं मशीन त्यांचंच भाचरू.

आणि १९८३ मध्ये इटलीच्या माँचा यांनी आमच्या घरच्या वादाचा निकालच लावला. त्यांनी ४८ जणांच्या धमनीत नळी ठेवून अखंड नोंद घेतली. डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा आकडा सरासरी २७ मिलिमीटरनी उसळला. आत्या घाबरट नव्हती, मशीनही खोटं नव्हतं. उलटही घडतं, आणि ते जास्त वाईट: दवाखान्यात सगळं ठीक, घरी किंवा कामावर दाब चढलेला. घरी मोजल्याशिवाय तो सापडतच नाही.

म्हणून घरच्या आकड्याला वेगळी रेघ आहे. दवाखान्यात १४०/९० धरतात, तर घरी १३५/८५. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड छातीच्या पातळीवर टेकवायचा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. यात सर्वांत अवघड ते गप्प बसणं. पट्टा फुगत असतानाच आत्याला शेजारच्यांचं काहीतरी आठवतं.

गेल्या खेपेला तिने सरलेल्या महिन्याचं पान फाडून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चौकोन वाचले, कागदावर सरासरी काढली, गोळी होती तीच ठेवली आणि पान फाइलला लावायला मागितलं. आत्या जरा घुटमळली. मागच्या बाजूला सांडगी मिरच्यांची कृती होती.