नेपाळची संविधानसभा नकाशापाशी का अडली?

नेपाळच्या जनतेला संविधानसभेचं पहिलं वचन मिळालं ते १९५१ च्या फेब्रुवारीत. वंशपरंपरेनं पंतप्रधानपद सांभाळणाऱ्या राणा घराण्याची शंभर वर्षांची सत्ता नुकतीच संपली होती आणि लोकांनी निवडलेली सभाच देशाचं संविधान लिहील, असं राजे त्रिभुवन यांनी जाहीर केलं. ती सभा भरायला २००८ साल लागलं. मधल्या काळात संविधानं आली, पण १९५९ चं काय किंवा १९६२ चं काय, ती राजानं दिलेली होती. १९९० च्या आंदोलनानंतरचं संविधान एका आयोगानं लिहिलं. त्यामुळे १९९६ मध्ये शस्त्रं उचलणाऱ्या माओवाद्यांना संविधानसभेची मागणी नव्यानं शोधावी लागली नाही. थकलेली उधारीच ती.

सशस्त्र संघर्षात सुमारे सतरा हजार माणसं गेली. २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली आणि एरवी एकमेकांकडे पाठ फिरवणारे पक्ष व माओवादी एकत्र आले. एप्रिल २००६ मध्ये एकोणीस दिवस लोक रस्त्यावर होते. अखेर राजाला संसद परत बोलवावी लागली.

१० एप्रिल २००८ च्या निवडणुकीनं ६०१ जणांची सभा दिली: २४० थेट मतदारसंघांतून, ३३५ पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात आणि २६ नेमलेले. जवळपास एक तृतीयांश महिला. २८ मे रोजी पहिल्याच बैठकीत ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपली. अडीचशे वर्षांच्या गादीचा निकाल एका रात्रीत लागला! अवघड वाटणारं काम असं सोपं निघालं आणि सभा अडली ती नकाशापाशी.

कारण २००७ च्या सुरुवातीला आहे. अंतरिम संविधानात संघराज्याचा शब्द नाही म्हणून तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या दक्षिणेच्या सपाट पट्ट्यातले, मधेसी लोक पेटून उठले. दुरुस्ती करून तो घालावा लागला, आणि राज्यरचनेचा अंतिम निर्णय संविधानसभाच करेल, असंही त्यात आलं. मग प्रश्न असा की प्रांत किती आणि कशाच्या आधारावर? जनजाती म्हणजे आदिवासी समूह व मधेसींना ओळखीवर आधारलेले प्रांत हवे होते, तर नेपाळी काँग्रेस आणि एमाले (कम्युनिस्ट पक्ष) या जुन्या पक्षांना त्यात देश फुटण्याची धास्ती वाटत होती. दोन वर्षांची मुदत चारदा वाढली, सर्वोच्च न्यायालयानं ‘आता पुरे’ म्हटलं आणि २७ मे २०१२ च्या मध्यरात्री सभा संविधानाविनाच विसर्जित झाली.

भारतानं हा पेच संविधानाबाहेर ठेवला होता. १९५० मध्ये महाराष्ट्र नव्हताच. राज्यांच्या सीमा साध्या बहुमतानं बदलण्याचा अधिकार संसदेकडे होता, आणि आपला नकाशा १९६० मध्ये ठरला, तोही १०५ हुतात्म्यांनंतर. म्हणजे पुढे ढकलणंही फुकट पडत नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये दुसरी सभा निवडली गेली. यावेळी काँग्रेस आणि एमाले पुढे होते, माओवादी तिसऱ्या क्रमांकावर. तरी घोळ चालूच राहिला. एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार लोक दगावले, तेव्हा कुठे नेत्यांना घाई सुटली. ८ जूनला चार मोठ्या पक्षांनी सोळा कलमी करार केला: प्रांत आठ, सीमा मात्र आयोग नंतर ठरवेल. म्हणजे भारतासारखीच पळवाट. न्यायालयानं ती अंतरिम आदेशानं अडवली. मग काही आठवड्यांत नकाशा आखला गेला, आधी सहा प्रांतांचा आणि नंतर सातांचा. तराई पुन्हा पेटली. चाळीसहून अधिक माणसं मेली, त्यांत पोलिसही होते.

१६ सप्टेंबरला ५०७ विरुद्ध २५ मतांनी संविधान मंजूर झालं. बहुतेक मधेसी सदस्य सभागृहात नव्हते. २० तारखेला ते लागू झालं आणि काठमांडूत दिवे लागले, तराईत काळे झेंडे. पाठोपाठ सीमेवरची नाकेबंदी आली. तिच्यामागे भारत असल्याचा आरोप काठमांडूनं केला, दिल्लीनं तो नाकारला. जानेवारी २०१६ मध्येच पहिली दुरुस्ती झाली. सीमांना तिनं हात लावला नाही.

प्रांतांना नुसते क्रमांक दिले होते, नावं प्रांतसभांवर सोडली होती. पहिल्या क्रमांकाच्या प्रांताला ‘कोशी’ हे नाव मिळायला २०२३ उजाडलं आणि त्यावरूनही लोक रस्त्यावर उतरले.