मोझार्ट, मिरज आणि फिटच्या गोळ्या

मिरजेत दोन गोष्टींना तोटा नाही, दवाखाने आणि तंबोरे. कर्नाटकातूनही पेशंट इथे येतात, आणि इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे 'शास्त्रीय संगीत ऐका, फिट थांबवा' असा मेसेज फिरला की सांगली-मिरजेत तो जरा जास्तच कौतुकाने पुढे ढकलला जातो.

मेसेज अगदीच हवेतला नाही. मेंदूच्या पेशी विजेच्या बारीक संकेतांवर काम करतात. फेफरं येतं तेव्हा असंख्य पेशी एकदमच, एकाच ठेक्यात संकेत सोडू लागतात. फिट नसतानाही अशा रुग्णाच्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या तपासणीच्या, आलेखावर मधूनच टोकदार लाटा उमटतात. १९९८ मध्ये शिकागोत ह्यूज यांच्या गटाने २९ रुग्णांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना, सोनाटा के. ४४८ (के. म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), ऐकवली. त्यातल्या २३ जणांच्या या लाटा कमी झाल्या. काही रुग्ण तर कोमात होते. म्हणजे गाणं आवडल्याने बरं वाटलं, एवढ्यावर हे भागवता येत नाही.

पण आलेखावरची लाट कमी होणं वेगळं आणि घरात येणारी फिट कमी होणं वेगळं. मेसेज नेमका इथे घसरतो. फिट मोजणारे प्रयोग थोडे आहेत. त्यातला मला पटणारा टोरांटोचा, २०२० मधला. रुग्णांनी काही महिने रोज हा सोनाटा ऐकला आणि काही महिने त्याचीच मोडतोड करून बनवलेला, लय नसलेला तुकडा. फिट कमी झाल्या त्या सोनाट्याच्या काळात. रुग्ण मात्र अवघे १३.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या डार्टमथमध्ये, शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या १६ जणांवर प्रयोग झाला. किमान तीस सेकंद सोनाटा ऐकल्यावर टोकदार लाटा घटल्या. वाग्नरच्या संगीताने तसं काही झालं नाही. सोनाट्यातला एक लांब तुकडा संपून दुसरा सुरू होतो, त्या वळणांवर मेंदूचा पुढचा भाग वेगळा प्रतिसाद देतो, असा संशोधकांचा अंदाज. वाग्नरही पाश्चात्त्य शास्त्रीयच, तेव्हा 'शास्त्रीय' हा शिक्का पुरेसा नाही.

मग आपले राग? इथे मिरजकरांचा हिरमोड होणार. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, लावताना कारागीर तारा टेकतात त्या घोडीवर तारेखालचा सुती दोरा केसभर इकडे-तिकडे सरकवतो आणि मिटलेला आवाज एकदम खुलतो. तो नाद मैफलभर तसाच राहतो. त्यावर किराणा घराण्याची संथ आलापी एकेक स्वर उलगडत जाते. ज्यांच्यामुळे या घराण्याची मिरजेशी गाठ पडली त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं याच वळणाचं. सोनाट्याची बांधणी अगदी निराळी आहे, त्यामुळे त्याचं श्रेय यमन-भैरवीला परस्पर देता येणार नाही.

व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी तर २०२३ मध्ये या साऱ्या अभ्यासांची झाडाझडती घेतली. रुग्ण कमी, आकडे अर्धवट सांगितलेले, असा त्यांचा आक्षेप. मला तो रास्त वाटतो.

गोळ्या नियमित घेतल्या तर जवळपास ७० टक्के रुग्णांच्या फिट आटोक्यात राहू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संगीताच्या जिवावर गोळी एकदम बंद केली, तर थांबतच नाही अशी फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. गोळ्या चालू ठेवून गाणं जरूर ऐकावं. अपवाद अगदी विरळा: काहींना विशिष्ट संगीत ऐकूनच फिट येते. गाणं लागलं की फिट येते असं दोन-तीनदा दिसलं, तर कोणतं गाणं होतं तेही डॉक्टरांना सांगावं.