सूडनाट्य : पात्रे व त्यांचे हेतू (‘हॅम्लेट’च्या आधारे)

खून झालेल्या आप्ताचा सूड घेण्याचे कर्तव्य ज्याच्या गळ्यात येऊन पडते, त्याच्याभोवती रचलेली शोकात्मिका म्हणजे सूडनाट्य. इंग्लंडमध्ये हा प्रकार सु. १५८५ पासून नाट्यगृहे बंद होईपर्यंत (१६४२) चालला. त्यामागे रोमन नाटककार सेनिकाचा आदर्श होता. त्याच्या नावावरील दहा शोकात्मिकांची इंग्रजी भाषांतरे १५८१ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली. टॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ (मुद्रित १५९२) या नाटकाने प्रकाराचा ढाचा पक्का केला : पिशाच, खरे किंवा आणलेले वेड, नाटकातले नाटक, लांबत जाणारी कृती आणि अखेरीस रंगभूमीवर प्रेतांचा खच. किडचा नायक हिएरोनिमो हा स्वतः न्यायाधिकारी असतो. इतरांना न्याय देणाऱ्या या माणसाला मुलाच्या खुनाची दाद राजापाशी मिळत नाही, म्हणून तो सूडाकडे वळतो. त्याचा हेतू प्रेक्षकाला शोधावा लागत नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये (सु. १६००) मात्र खुद्द नायकच आपण अजून थांबलो का, असे स्वतःला विचारतो, आणि त्याला नेमके उत्तर सापडत नाही. या प्रकारातील पात्रचिकित्सा मुख्यतः याच नाटकाभोवती वाढली, ती या प्रश्नामुळे.

मूळ कथा : डॅनिश इतिहासकार सॅक्सो ग्रॅमॅटिकसच्या लॅटिन इतिहासात (सु. १२००, मुद्रित पॅरिस, १५१४) आम्लेथची कथा येते. तेथे चुलता फेंग भावाला मारतो आणि ते लपवत नाही. वहिनीला नवऱ्याच्या जाचातून सोडवण्यासाठी मारले, असे कारण तो देतो. आम्लेथ वेडाचे सोंग घेतो ते जीव वाचवण्यासाठी, मोठा होऊन बदला घेईपर्यंत. बदला घेऊन तो राजाही होतो. फ्रेंच लेखक बेलफोरेने १५७० मध्ये ही कथा पुन्हा सांगताना दीर-भावजयीचा व्यभिचार खुनाच्या आधीचा ठरवला आणि नायकाच्या विषण्णतेचा उल्लेख केला. शेक्सपिअरच्या नाटकातही चुलता क्लॉडिअस भावाला मारून राजा होतो आणि वहिनी गर्ट्रूडशी, म्हणजे हॅम्लेटच्या आईशी, लग्न करतो; पण येथे खून गुप्त आहे, मेलेल्या बापाच्या पिशाचाखेरीज त्याला साक्षीदार नाही. त्यामुळे वेडाच्या सोंगाचे मूळ प्रयोजन गळून पडते. ते सोंग हॅम्लेटचे रक्षण करत नाही, उलट राजाचा संशय ओढवून घेते. हेतूंविषयीच्या अनेक वादांचे मूळ या एका बदलात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा बदल शेक्सपिअरनेच केला की त्याच्या आधी कोणी, हे सांगणे कठीण. ‘हॅम्लेट’ नावाचे एक जुने नाटक होते आणि ते आज उपलब्ध नाही. लेखक टॉमस नॅशने १५८९ मध्ये इंग्रजी सेनिका वाचून ‘हॅम्लेटे’ लिहिणाऱ्यांची टर उडवली. नाट्यगृहचालक फिलिप हेन्स्लोच्या हिशेबवहीत जून १५९४ मधील प्रयोगाची नोंद आहे, उत्पन्न अवघे ८ शिलिंग. आणि लेखक टॉमस लॉजने १५९६ मध्ये, कालवे विकणाऱ्या बाईसारखे केविलवाणे ओरडून ‘हॅम्लेट, सूड घे’ म्हणणाऱ्या पिशाचाचा दाखला दिला. हे जुने नाटक किडचे असावे, हा तर्क मुख्यतः नॅशच्या त्याच मजकुरातील करडाच्या उल्लेखावर उभा आहे. ‘किड’ या शब्दाचा इंग्रजीतील अर्थ करडू. पीटर अलेक्झांडर इत्यादी अभ्यासकांच्या मते ते शेक्सपिअरचेच पहिले लेखन असावे. पहिला तर्क अधिक रुळलेला आहे, पण त्याचा आधार पातळ आहे. पिशाच त्या नाटकात होते एवढे लॉजवरून निश्चित म्हणता येते. त्यातील नायक रेंगाळत होता की नाही, हे त्यावरून कळत नाही.

पाठभेद व हेतू : ‘हॅम्लेट’च्या तीन जुन्या मुद्रित प्रती आहेत : पहिला क्वार्टो (१६०३), दुसरा क्वार्टो (१६०४-०५) आणि फोलिओ (१६२३). क्वार्टो म्हणजे एका नाटकाची लहान आकाराची छापील प्रत, फोलिओ म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह. पहिला क्वार्टो सु. २,२०० ओळींचा, दुसरा सु. ३,८०० ओळींचा. पहिल्याची प्रत १८२३ पर्यंत अभ्यासकांना ठाऊकच नव्हती. तो स्मरणावरून जुळवलेला असावा, असे बहुतेक मानतात. हा तपशील ग्रंथसूचीकारांपुरता नाही. कोणते पात्र काय मनात धरून वागते, हे अनेक ठिकाणी हाती कोणती प्रत आहे यावर ठरते.

राणी गर्ट्रूडला पहिल्या नवऱ्याच्या खुनाची कल्पना होती काय? पहिल्या क्वार्टोत ती शपथेवर नाही म्हणते आणि मुलाला सूडात साथ देण्याचे वचन देते. उरलेल्या दोन प्रतींत असे वचन नाही. तेथे हॅम्लेट राजाला मारण्याचा शब्द काढतो तेव्हा ती तोच शब्द प्रश्नासारखा उच्चारते, एवढेच. तो धक्का निरागसतेचा मानणे अधिक सयुक्तिक, पण नाटक तिच्याकडून त्यापलीकडे काही वदवून घेत नाही.

रोझेनक्रान्ट्स व गिल्डनस्टर्न हे बालमित्र हॅम्लेटला ठार करण्याचा राजाचा आदेश असलेले पत्र घेऊन त्याच्यासह इंग्लंडला निघतात; हॅम्लेट ते पत्र बदलून त्यांनाच मरणाच्या दारी धाडतो. ‘त्यांनी हे काम आवडीने पत्करले होते’ अशा अर्थाचे त्याचे समर्थन फक्त फोलिओत आहे. दुसऱ्या क्वार्टोत हॅम्लेटचा मित्र होरेशिओ म्हणतो की मग ते दोघे गेलेच म्हणायचे, आणि हॅम्लेट या आरोपवजा उद्गाराला बगल देऊन, माझ्या सदसद्‌विवेकाला ते टोचत नाहीत, एवढेच म्हणतो. मित्रांना पत्रातील मजकूर ठाऊक होता, असे कोणत्याच प्रतीत म्हटलेले नाही. पाचव्या अंकात या राजाला जिवंत सोडणे हेच पाप ठरेल, हा युक्तिवादही फोलिओतच पूर्ण होतो. उलट, नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास याची फौज पाहून स्वतःच्या दिरंगाईवर ताशेरे ओढणारे स्वगत दुसऱ्या क्वार्टोत आहे, फोलिओत नाही. म्हणजे फोलिओतील हॅम्लेट दिरंगाईबद्दल कमी झुरतो आणि शेवटी अधिक निश्चयी दिसतो. तीनही प्रती एकत्र शिवून तयार केलेल्या पाठावर मनोविश्लेषण करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दिरंगाईची मीमांसा : हॅम्लेट सूड घ्यायला का थांबतो? जर्मन लेखक गटेने कादंबरीतील एका पात्राच्या तोंडून (१७९५-९६) नाजूक भांड्यात लावलेल्या ओकच्या झाडाची उपमा दिली : झाड वाढते, भांडे फुटते. इंग्रज कवी कोलरिजला विचारांचा अतिरेक दिसला, समीक्षक ए. सी. ब्रॅडलीला (१९०४) आईच्या घाईच्या विवाहातून आलेली विषण्णता. मनोविश्लेषक फ्रॉइड (१९००) आणि त्यानंतर अर्नेस्ट जोन्स यांनी चुलत्याने आपलीच सुप्त इच्छा (बापाला दूर करून आईला मिळवण्याची) पुरी केली म्हणून पुत्राचा हात उचलत नाही, असे सांगितले. टी. एस. एलियटने (१९१९) नायकाची भावना घटनांच्या मानाने अवाजवी आहे, असा आक्षेप घेतला. ई. ई. स्टोल यांच्या मते दिरंगाई ही प्रकाराची सोय होती. नायक पहिल्या अंकात सूड घेईल तर नाटकच उरणार नाही. एल. सी. नाइट्स यांनी (१९३३) पात्रांना नाटकाबाहेरचे आयुष्य बहाल करण्याच्या सवयीवरच हल्ला चढवला. स्टोल व नाइट्स यांचा इशारा रास्त आहे, तरी दिरंगाईला नाट्यसंकेत म्हणून बाजूला सारल्याने प्रश्न मिटत नाही, कारण तो विचारणारा हॅम्लेट स्वतःच आहे.

प्रार्थनेचा प्रवेश (अंक ३, प्रवेश ३) येथे निर्णायक ठरतो. क्लॉडिअस एकटा गुडघे टेकतो आणि ज्यासाठी खून केला त्या तीन गोष्टी मोजतो : मुकुट, महत्त्वाकांक्षा आणि राणी. त्या हाती ठेवून क्षमा कशी मागायची, हा त्याचा पेच आहे. हॅम्लेट मागे तलवार उपसून उभा राहतो आणि ती म्यान करतो : प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गात जाईल. शत्रूचा आत्माही नरकात जावा ही इच्छा वाचणेही अठराव्या शतकातील समीक्षक डॉ. जॉन्सनला असह्य झाले. पुढच्या टीकाकारांनी ती खोटी सबब ठरवून नायकाला सौम्य केले. शब्द तसे नाहीत. त्याला हवा असलेला सूड देहापाशी थांबत नाही, आणि ते जसे आहे तसे मानणेच योग्य. हॅम्लेट निघून गेल्यावर राजा उठतो आणि कबूल करतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिले. प्रार्थना झालीच नव्हती. हे प्रेक्षकाला कळते, हॅम्लेटला कधीच कळत नाही.

दरबारी पोलोनिअसचा मुलगा लेअर्टीझ हे हॅम्लेटचे प्रतिबिंब आहे. त्याच्याही बापाचा खून झाला आहे, आणि तो खुनी हॅम्लेटच. देवळातसुद्धा गळा कापीन म्हणणारा हा तरुण क्षणही दवडत नाही. म्हणूनच राजा त्याला हाताशी धरू शकतो आणि तलवारीच्या टोकाला विष लागते. फॉर्टिनब्रासही बापाचे गेलेले परत मिळवू पाहणारा पुत्र आहे. त्याचा हेतू सैन्याच्या हालचालीतून दिसतो आणि राज्य शेवटी त्याच्याच हाती येते. लेअर्टीझची बहीण आणि हॅम्लेटची प्रेयसी ओफेलिया हिचे हेतू बाप व भाऊ यांच्या आज्ञांखाली दबलेले आहेत. वेडाच्या गाण्यांतून ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर येतात.

मराठीत : गोपाळ गणेश आगरकर यांनी या नाटकाचे भाषांतर ‘विकारविलसित’ (१८८३) या नावाने केले. हे शीर्षक म्हणजे एक भाष्यच आहे : कथेच्या केंद्रस्थानी सूडाची कृती नसून मनोविकारांचा खेळ आहे. कोलरिज-ब्रॅडली परंपरेशी ते जवळचे आहे, आणि ब्रॅडलीच्या ग्रंथाच्या दोन दशके आधीचे. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशी यांनी हॅम्लेट साकारला तो चंद्रसेन या नावाने.