पापणीला टोचून झालेली जखम : मेडिकल कोडिंग आणि नोंद

काटा, तार, पेन्सिल, खिळा असं काही टोकदार पापणीत किंवा डोळ्याभोवतीच्या त्वचेत घुसून जी जखम होते ती पंक्चर वूंड, आणि अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम मध्ये, म्हणजे आजार-इजांना कोड देणाऱ्या यादीत, तिच्यासाठी दोन घरं आहेत. आत काही राहिलेलं नसेल तर एस०१.१३, आत काही अडकलेलं असेल तर एस०१.१४. हे कोड तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले आणि पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी, वाचून त्यांना बिलासाठी कोड देणारी (म्हणजे कोडर) बरीच मराठी मुलंमुली रोज यातच असतात, म्हणून ही नोंद त्याच पद्धतीची आहे.

आधी जखम समजून घ्यायला हवी, नाहीतर कोड पाठ करून काही उपयोग नाही. बाहेरून बघितलं तर एवढंसं भोक दिसतं, सूज आली की तेही झाकून जातं, पण खोली किती आहे ते वरून कळतच नाही. पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ, तिच्या लगेच खाली चरबी जवळपास नसतेच, त्यामुळे जखमेतून पिवळी चरबी डोकावली तर समजायचं की ऑर्बिटल सेप्टम हा पडदा फाटलाय आणि वस्तू डोळ्याच्या खोबणीपर्यंत गेलीये. नाकाकडच्या कोपऱ्यात टोचलं असेल तर अश्रू वाहून नेणारी बारीक नळी तुटलेली असू शकते, वरच्या पापणीत असेल तर पापणी उचलणारा स्नायू बघावा लागतो. आणि या सगळ्याच्या आधी नजर तपासायची, डोळ्याचा गोळा शाबूत आहे का ते बघायचं. लाकडाचा तुकडा सीटीवर हवेसारखा काळा दिसून फसवतो, धातूचा संशय असेल तर एमआरआय करायचा नाही.

हे सगळं डॉक्टरने लिहिलं तरच कोडरला दिसतं. नुसतं "डोळ्याला लागलं" एवढ्यावर धड कोड होत नाही, आणि कोडरने स्वतःच्या मनाने भर घालायची नाही, हा या कामातला सगळ्यात मोठा नियम. शंका असेल तर डॉक्टरला क्वेरी टाकायची, म्हणजे लेखी विचारायचं. बाजूच्या बाबतीत थोडी सूट आहे, डॉक्टरने उजवी-डावी लिहिलं नसेल आणि नर्सच्या नोंदीत असेल तर तेवढ्यावर कोड देता येतो, पण दोघांच्या नोंदी जुळत नसतील तर विचारावंच लागतं.

कोडची रचना अशी की सहावं अक्षर बाजू सांगतं, १ म्हणजे उजवी, २ डावी, ९ म्हणजे बाजू लिहिलेली नाही. ९ टाकणं म्हणजे क्लेम (विमा कंपनीकडे पाठवलेलं बिल) अडकायला आमंत्रण, जखमेची बाजू माहीत नाही असं कसं होईल? दोन्ही पापण्यांना मिळून एक कोड नाहीये, दोन स्वतंत्र कोड द्यायचे. वरची की खालची हे मात्र डायग्नोसिस कोड विचारतच नाही, ते प्रोसिजर कोडच्या (केलेल्या उपचाराच्या कोडच्या) मॉडिफायरमध्ये, म्हणजे मागे जोडायच्या खुणेत येतं, ई१ डावी वरची, ई२ डावी खालची, ई३ उजवी वरची, ई४ उजवी खालची. त्यामुळे डॉक्टरने हेही लिहायलाच हवं.

सातव्या अक्षरात नवीन लोक हमखास चुकतात. ए म्हणजे पहिली व्हिजिट असं नाही, जखमेवर सक्रिय उपचार चालू आहेत असा त्याचा अर्थ, म्हणजे इमर्जन्सीत बघून दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाने ऑपरेशन केलं तर तिथेही ए च. टाके काढायला, जखम भरतेय का बघायला आला की डी.

एक उदाहरण घेऊ. बागेत गुलाब छाटताना उजव्या वरच्या पापणीत काटा घुसला, टोक आत मोडलं, डॉक्टरने ते काढलं. डायग्नोसिस एस०१.१४१ए, इजेचं कारण काटा म्हणून डब्ल्यू६०.एक्सएक्सएक्सए (एक्स फक्त रिकाम्या जागा भरायला), बागकाम करत होता म्हणून वाय९३.एच२, अडकलेली वस्तू काढण्याचा सीपीटी (म्हणजे प्रोसिजर कोड) ६७९३८ आणि त्याला ई३. टिटॅनसची लस दिली तर लसीकरणाचा झेड२३ पण. हाच माणूस घरी काटा उपटून आला असता आणि आत काहीच उरलेलं नसतं तर एस०१.१३१ए. आणि कुसळ नुसतं वरच्या कातडीत रुतलेलं असेल, उघडी जखमच नसेल, तर ती वरवरची इजा, एस००.२५ मध्ये जाते. तिन्ही वाक्यं चार्टमध्ये सारखीच वाटतात, फरक डॉक्टरच्या दोन-तीन शब्दांचा असतो.

वस्तू खोबणीत शिरली असेल तर एस०५.४, डोळ्याच्या गोळ्यात घुसून आत राहिली तर एस०५.५, राहिली नाही तर एस०५.६. एस०१ खाली एस०५ साठी एक्सक्लूड्स-टू ची सूचना आहे, म्हणजे दोन्ही इजा असतील तर दोन्ही कोड चालतात, आणि ज्या गंभीर इजेवर मुख्य उपचार झाले ती आधी. गोळा फुटलाय आणि तरी पापणीचा कोड आधी लावलाय असे चार्ट ऑडिटमध्ये परत येतात आणि ते बरोबरच आहे.

टाक्यांचं म्हणाल तर बऱ्याच टोचलेल्या जखमांना टाका लागतही नाही, मग फक्त तपासणीचा कोड. नुसती त्वचा शिवली आणि लांबी २.५ सेंमीपर्यंत असेल तर १२०११, पापणीची कड किंवा आतला टार्सस (पापणीला ताठ ठेवणारी घट्ट पट्टी) शिवला तर अर्धवट जाडीला ६७९३०, पूर्ण जाडीला ६७९३५. म्हणून लांबी, खोली आणि कड सामील आहे का या तीन गोष्टी ऑपरेशन नोटमध्ये हव्यातच.

जखम भरून वर्षभराने व्रण आकसला आणि उजवी खालची पापणी बाहेर वळली तर आधी त्या त्रासाचा कोड, एच०२.११२, आणि मागून एस०१.१३१एस, यातलं सातवं अक्षर एस म्हणजे जुन्या जखमेचा मागे राहिलेला परिणाम. इथे मात्र पापणी वरची की खालची हे डायग्नोसिस कोडच विचारतो, आणि पहिल्या दिवशीच्या नोटमध्ये ते लिहिलेलं असेल तर जुन्या जखमेशी त्याचा संबंध लावणं सोपं जातं.