दोष पिकअपचा की सेटअपचा? स्टॉक पिकअप बदलण्याआधी

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मनासारखा येईना झाला की पहिलं खापर पिकअपवर फुटतं. ‘स्टॉक (कंपनीतूनच बसवून आलेले) पिकअप आहेत ना, बदलून टाक’ हा सल्ला फुकट मिळतो, पिकअप मात्र फुकट मिळत नाहीत. नावाजलेल्या कंपनीचा सेट घ्यायचा तर स्वस्त गिटारच्या निम्म्या किमतीपर्यंत सहज खर्च जातो, कधी त्याहूनही जास्त. माझं ठाम मत असं आहे की यातल्या बऱ्याच गिटारींना नवा पिकअप नको असतो, नीट सेटअप हवा असतो, म्हणजे तारा, नेक, ब्रिज आणि पिकअपची उंची नीट जुळवणं. गोंधळ होतो कारण दोन्ही दोष कानाला सारखेच लागतात: आवाज बसका, गढूळ, कुठे कर्कश. खुणा मात्र वेगळ्या असतात, आणि त्या घरी बसून ओळखता येतात.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये विद्युतदाब तयार होतो. म्हणजे तार जशी हलेल तेच पिकअप पुढे पाठवणार. स्वतःचा रंग तो त्यात जरूर मिसळतो, पण मेलेल्या तारेत जीव आणू शकत नाही.

म्हणून पहिली परीक्षा केबल न लावता. शांत खोलीत गिटार तशीच वाजवा. एखाद्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीवर) स्वर लगेच विझतो का, तार खरखरते का, बाराव्या फ्रेटवर सूर चढतो का? इथे जे बिघडलेलं ऐकू येतं ते तारा, नेक (गिटारची मान), नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी), ब्रिज (तारांचा खालचा आधार) यांचं. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत तारांवर लवकर गंज चढतो आणि आवाजातली सगळी चमक जाते. नव्या तारा टाकल्याशिवाय पिकअपबद्दल मत बनवूच नका. केबल न लावता गिटार छान वाजते आणि ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) जोडली की बिघडते, असं असेल तरच पुढे जा.

आणि पुढची पायरीसुद्धा पिकअप बदलण्याची नाही, त्याची उंची बदलण्याची आहे. एवढा फरक पाडणारी आणि एवढी दुर्लक्षित दुसरी गोष्ट गिटारवर नाही. पिकअपच्या दोन बाजूंना स्क्रू असतात, त्यांनी तो वर-खाली होतो. तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि तारेची खालची कड ते पिकअपचा खांब हे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. फेंडरच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारवर असतात तशा सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपला, जाड तारेखाली साधारण २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली १.६ मिलिमीटर ही फेंडरची सुरुवातीची मापं. गिब्सन धाटणीच्या हमबकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, नेककडे सुमारे २.४ आणि ब्रिजकडे १.६. तिथून पाव-पाव फेरा फिरवत कानाने ठरवा.

पिकअप फार जवळ आला की आवाज मोठा होतो, पण चुंबक तारेलाच ओढू लागतो. जाड ई तार वरच्या फ्रेटांवर वाजवली की एकाच स्वरात दोन सूर असल्यासारखं डगमगतं. अल्निको या चुंबकीय मिश्रधातूचे खांब असलेल्या सिंगल कॉइलमध्ये हे जास्त होतं. हा डगमगता स्वर ऐकून ‘पिकअप फालतू आहे’ म्हणणारे बरेच भेटतात. तो खाली घेतला की त्रास संपतो. उलट नेकचा पिकअप गढूळ वाटत असेल तर त्याची जाड तारेकडची बाजू थोडी खाली उतरवा, शब्द सुटे व्हावेत तसे स्वर सुटे होतात.

पॉटचंही तेच, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालच्या फिरत्या भागाचं: दोष त्याचा, खापर पिकअपवर. सिंगल कॉइलला साधारणपणे २५० किलोओहम आणि हमबकरला ५०० किलोओहमचे पॉट लावतात. हमबकर २५०च्या पॉटवर असेल तर वरचे स्वर दबून आवाज झाकल्यासारखा येतो. चांगला पॉट पिकअपच्या तुलनेत अगदीच स्वस्त. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली तर सोल्डरिंगचं सगळं सामान मिळतं. फक्त पॉटचा दांडा आणि नॉब जुळतात का ते पाहून घ्या. व्हॉल्यूम फिरवताना करकर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा.

सगळ्यात जास्त गफलत होते ती घोंघाटाची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर, पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबची चोक हे सगळं गिटारमध्ये ऐकू येतं. गिटार गळ्यात घालून ॲम्पसमोर जागच्या जागी हळूहळू वळा. वळताना हम (घूंऽऽ असा सलग आवाज) कमी-जास्त होत असेल तर तो कॉइलने थेट पकडलेला चुंबकीय हम आहे. सिंगल कॉइलचा तो स्वभावच, दोष नव्हे. याच कारणासाठी गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन उलट कॉइल एकत्र जोडून हमबकर बनवला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. वळल्याने फरक पडत नाही, पण तारांवर हात ठेवला की आवाज बराच कमी होतो, असं असेल तर आतल्या पोकळीला तांब्याची टेप लावून शील्डिंग करा, म्हणजे बाहेरचा घोंघाट अडवा. तारांना हात लावून काहीच होत नाही आणि जॅकच्या धातूला लावला की शांत होतं, तर ब्रिजची ग्राउंड वायर सुटली आहे. हे दोन्ही पिकअपचे दोष नाहीत, हजारो रुपयांचा नवा सिंगल कॉइल लावलात तरी तेवढाच घोंघाट राहील. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा. घरातलं अर्थिंग आणि ॲम्प जाणकाराकडून तपासून घ्या, तोवर गिटार जोडू नका.

मग पिकअपचा खरा दोष कोणता? एक, कॉइल तुटणं. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम-टोन पूर्ण उघडा, स्विच एका पिकअपवर ठेवा आणि मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि बाहेरच्या नळीवर लावा. स्ट्रॅटचा पिकअप साधारण ६ किलोओहम, जुन्या धाटणीचा हमबकर ८च्या आसपास दाखवेल. पॉट समांतर असल्याने आकडा किंचित कमी येतो. मीटर रेंजबाहेर गेला तर कॉइल किंवा वायर तुटली आहे. दोन, शिट्टी. ॲम्पचा गेन (आवाज वाढवण्याची पातळी) वाढवून पिकअपवर नखाने हलकेच टकटक करा. माइकवर वाजवल्यासारखा ठणठणीत आवाज आला आणि ॲम्पजवळ तीक्ष्ण किंचाळी सुटत असेल, तर आतले वेढे सैल आहेत, त्यांच्यात मेण भरलेलं नाही. मेणात बुडवून दुरुस्त करता येतो, पण स्वस्त पिकअपसाठी तो खटाटोप करण्यापेक्षा नवा घ्यावा.

तिसरं कारण दोषाचं नाही, गरजेचं आहे, आणि मला तेच सगळ्यात रास्त वाटतं. सिंगल कॉइल असलेल्या गिटारवर जड मेटल रिफ वाजवायचे असतील तर कितीही उंची बदला, तो जाडपणा येणार नाही. उलट फार तापट (जोरकस आउटपुटच्या) हमबकरमधून स्वच्छ, काचेसारखा स्वर मागणंही व्यर्थ. इथे बिनधास्त बदला.

‘चुंबक सिरॅमिक आहे म्हणून पिकअप टाकाऊ’ हे मात्र मनातून काढा. स्क्वायर अफिनिटीसारख्या स्वस्त गिटारींत सिरॅमिक असतो हे खरं, पण बदली पिकअपचा धंदा ज्याने उभा केला तो १९७२चा डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शनही सिरॅमिकचाच. तसंच किलोओहमचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. बारीक तार गुंडाळली तरी रोध वाढतो. दोन वेगळ्या जातीचे पिकअप या आकड्यावरून तोलू नका.

ठरलंच, तर आधी ब्रिजचा एकच बदला, तिथे फरक सर्वाधिक कळतो. तारांमधलं अंतर आणि खांबांमधलं अंतर जुळतं का ते मोजून घ्या. वायरचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, दुसऱ्याची आकृती आपल्या पिकअपला लावू नका. बसवल्यावर दोन पिकअप एकत्र वाजवताना आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन्ही पिकअप एकमेकांचा आवाज कापत आहेत. दोन वायरींचा पिकअप असेल तर त्या अदलाबदल करा, पण धातूचं कव्हर ग्राउंडला जोडलेलं असेल तर आधी ते सोडवावं लागतं. काढलेले पिकअप स्क्रू आणि स्प्रिंगसकट डबीत ठेवा. गिटार विकताना मूळ भागांना मागणी असते.