खिडकीआडचे यंत्र : लिनक्सबरोबर येणारी अ‍ॅप्लिकेशन्स

नव्याने लिनक्स बसवलेल्या संगणकावर मेनू उघडला की पंचवीस-तीस चित्रे समोर येतात. ब्राउझर, ऑफिस, फाइली पाहण्याचा प्रोग्राम, कॅल्क्युलेटर, स्कॅनर, बॅकअप, डिस्क आणि कुठेतरी कोपऱ्यात टर्मिनलची काळी चौकट. यांपैकी ब्राउझर आणि ऑफिस बहुतेक जण पहिल्याच दिवसापासून वापरू लागतात आणि उरलेल्यांकडे वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहत नाहीत. शिकण्यासारखे बरेचसे मात्र त्या उरलेल्यांतच आहे, कारण त्यांतील जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम म्हणजे आत चाललेल्या एखाद्या जुन्या, भक्कम यंत्रणेला बसवलेली काचेची खिडकी असते. खिडकी कशी उघडायची हे सगळ्यांना कळते. आत काय फिरते आहे हे ठाऊक असले की ती केव्हा उघडायची हेही कळू लागते.

काटेकोरपणे बोलायचे तर लिनक्स हे फक्त कर्नलचे नाव आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली जे जगापुढे ठेवले ते प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची वाटणी पाहणारे कर्नल होते, आणि त्यात आजही ना कॅल्क्युलेटर आहे ना ब्राउझर. कर्नलभोवती हे सारे गोळा करून, एकमेकांशी जुळवून, बसवण्याजोगा संच तयार करण्याचे काम उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट अशी डिस्ट्रिब्यूशन्स करतात. त्यामुळे ‘लिनक्समध्ये कोणते प्रोग्राम आधीच येतात’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर फाइली पाहण्याच्या प्रोग्रामचे नाव सरळ ‘फाइल्स’ असते, केडीईमध्ये तेच काम डॉल्फिन करतो, एक्सएफसीईमध्ये थुनार. नावे बदलली तरी कामाची वाटणी सगळीकडे साधारण सारखीच असते, म्हणून पुढे नावांपेक्षा कामाकडे अधिक लक्ष दिले आहे.

ही निवड कशी होते, हेही पाहण्यासारखे आहे. २००४ साली उबुंटूची पहिली आवृत्ती आली तेव्हा सारा संच एका सीडीवर मावायला हवा होता, आणि सीडीची क्षमता साधारण ७०० एमबी. एक प्रोग्राम आत घ्यायचा तर दुसरा बाहेर काढावा लागे. ऑक्टोबर २०१२ च्या १२.१० या आवृत्तीत ही मर्यादा सुटली. जागेची अडचण गेली तरी छाटणीची सवय मात्र गेली नाही: २०२३ च्या २३.१० आवृत्तीपासून उबुंटू बसवताना मुळात मोजकाच संच बसतो आणि ऑफिस वगैरे हवे असल्यास विस्तारित पर्याय निवडावा लागतो. बसवताना हा पर्याय नजरेतून सुटला आणि नंतर ‘ऑफिस कुठे गेले’ असा प्रश्न पडला, असे होऊ शकते.

या छाटणीतला सर्वांत मजेदार बळी म्हणजे गिंप हा चित्रसंपादक. सामान्य वापरणाऱ्याला तो फार अवघड वाटतो म्हणून उबुंटूने २०१० मध्ये तो मूळ संचातून वगळला, आणि मिंटने २०१९ च्या अखेरीस त्याच्या जागी ‘ड्रॉइंग’ नावाचा साधा प्रोग्राम आणला. गंमत अशी की बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिंपसाठी बटणे, मेनू आणि सरकपट्ट्या रेखाटणारा जो संच लिहिला, त्यालाच पुढे जीटीके असे नाव मिळाले आणि ग्नोमचा सारा डेस्कटॉप त्याच्यावर उभा राहिला. गिंप मेनूतून गेला, पण त्याच्यासाठी घडवलेली अवजारे प्रत्येक खिडकीत राहिली आहेत.

ऑफिसच्या कामासाठी येणारे लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिस डॉट ऑर्ग या प्रकल्पातून वेगळे झाले. लेखनासाठी रायटर, हिशेबासाठी कॅल्क आणि सादरीकरणासाठी इम्प्रेस हे त्याचे मुख्य भाग सर्वांच्या ओळखीचे आहेत, म्हणून त्यांच्या वापराबद्दल लिहीत बसत नाही. फाइल कशी साठवली जाते, हे मात्र एकदा स्वतः करून पाहावे. रायटरमध्ये दोन परिच्छेद आणि एक छायाचित्र असलेली फाइल तयार करून ती ओडीटी या मूळ स्वरूपात जतन करावी, तिची एक प्रत काढावी, प्रतीच्या नावाच्या शेवटी ओडीटीऐवजी झिप लिहावे आणि ती उघडावी. एक फाइल म्हणून जे दिसत होते ते प्रत्यक्षात गाठोडे निघते: ‘कंटेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर, ‘स्टाइल्स’मध्ये अक्षरांची आणि परिच्छेदांची वळणे, ‘मेटा’मध्ये निर्मितीची तारीख वगैरे तपशील आणि ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये ते छायाचित्र. याचा उपयोग केवळ कुतूहलापुरता नाही. कोणी पाठवलेल्या दस्तऐवजातील दहा चित्रे वेगळी काढायची असतील तर एकेक चित्र निवडून जतन करत बसण्यापेक्षा ही युक्ती झटपट होते, आणि रायटर एखादी बिघडलेली फाइल उघडायला नकार देत असेल तर निदान मजकूर हाती लागण्याची शक्यता असते. ओडीटी ज्या ओडीएफ नावाच्या नमुन्यावर बेतलेली असते, तो नमुना खुला असून २००६ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्यामुळे ही फाइल वाचणारा प्रोग्राम लिहिण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

संगणक मंदावला की बहुतेक जण सिस्टिम मॉनिटर उघडतात, आणि तिथे मेमरीचा आकडा पाहून दचकतात. हा आकडा येतो तरी कुठून? लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचा एक फोल्डर असतो, पण तो डिस्कवर कुठेच नसतो. त्यात क्रमांकांची नावे असलेले फोल्डर दिसतात आणि त्यांतला प्रत्येक क्रमांक म्हणजे त्या क्षणी चालू असलेली एक प्रोसेस. तिथेच ‘मेमइन्फो’ नावाची एक फाइल आहे. यादीत तिचा आकार शून्य बाइट दाखवला जातो, परंतु टर्मिनलमध्ये कॅट या कमांडने ती वाचली तर पन्नासेक ओळी धडाधड उमटतात, कारण तो मजकूर आधी कुठे लिहिलेला नसतो. कोणी वाचायला आले की कर्नल तो जागच्या जागी तयार करून देते. सिस्टिम मॉनिटर दर थोड्या वेळाने अशा फाइली वाचतो आणि त्यांवरून आलेख काढतो.

त्याच मेमइन्फोमध्ये ‘मेमफ्री’ आणि ‘मेमअव्हेलेबल’ अशा दोन ओळी आहेत, आणि नव्याने येणाऱ्यांची सारी भीती या दोहोंतला फरक न कळल्यामुळे असते. रिकामी पडून राहिलेली मेमरी कर्नलच्या दृष्टीने वाया गेलेली मेमरी असते, म्हणून डिस्कवरून वाचलेल्या फाइली ते तिथे जपून ठेवते आणि पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत न जाता तिथूनच देते. एखाद्या प्रोग्रामला जागा लागताच हा साठा क्षणात रिकामा करता येतो. त्यामुळे पूर्ण मोकळी मेमरी अगदी थोडी आणि मिळू शकणारी मेमरी भरपूर, ही स्थिती निरोगी संगणकाचीच आहे. दुसरा आकडाही तळाला गेला तरच काळजी करावी.

अडकलेला प्रोग्राम बंद करण्यासाठी याच खिडकीत दोन पर्याय मिळतात आणि ते एकच समजण्याची चूक सर्रास होते. ‘एंड’ म्हटल्यावर प्रोग्रामला १५ क्रमांकाचा संकेत जातो, जो एक प्रकारची विनंती असते. प्रोग्राम उघड्या फाइली नीट मिटून निघू शकतो, किंवा विनंतीकडे दुर्लक्षही करू शकतो. ‘किल’ म्हणजे ९ क्रमांकाचा संकेत, आणि तो प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही, कर्नलच त्याला उचलून बाहेर काढते. जतन न केलेले काम अर्थातच जाते. म्हणून आधी विनंती, आणि चार-पाच सेकंद वाट पाहून मगच बळजबरी.

डिस्कसाठी सहसा दोन प्रोग्राम असतात. ‘डिस्क युसेज अ‍ॅनलायझर’ प्रत्येक फोल्डरने किती जागा अडवली आहे हे एकात एक बसवलेल्या रंगीत वलयांनी दाखवतो, आणि जागा कुठे गेली याचा शोध त्यामुळे मिनिटभरात लागतो. ‘डिस्क्स’ हा दुसरा प्रोग्राम विभाग पाडतो, फॉरमॅट करतो, आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवत असते तीही वाचून दाखवतो. डिस्कचे खराब झालेले कप्पे बाजूला काढून त्यांच्याऐवजी राखीव कप्पे वापरले जाऊ लागले आणि त्यांची संख्या वाढत चालली, की प्रती काढून ठेवण्याची वेळ झाली असे समजावे.

प्रती काढण्याच्या बाबतीत मिंटमध्ये येणारा टाइमशिफ्ट हा माझ्या मते साऱ्या संचातला सर्वांत चतुर प्रोग्राम आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमज झालेलाही तोच. तो संपूर्ण सिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीच्या प्रती, घेतो. समजा सिस्टिम १० जीबीची आहे आणि पाच दिवसांचे पाच स्नॅपशॉट घेतले, तर ५० जीबी जागा लागायला हवी. प्रत्यक्षात १० जीबी आणि वर झालेल्या बदलांपुरतीच लागते. एकेका स्नॅपशॉटचा आकार स्वतंत्रपणे तपासला तर मात्र प्रत्येक जण आपण १० जीबीचे असल्याचे सांगतो, आणि त्यात खोटे काही नसते.

याचे रहस्य असे, की लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये फाइलचे नाव आणि फाइलमधला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर डिस्कवर कुठे आहे याची नोंद आयनोड नावाच्या क्रमांकित नोंदीत असते, आणि फोल्डर म्हणजे ‘अमुक नावाचा आयनोड तमुक’ अशी केवळ यादी. साहजिकच एकाच आयनोडला दोन किंवा दोनशे नावे देता येतात. अशा नावाला हार्ड लिंक म्हणतात. नवा स्नॅपशॉट घेताना आरसिंक हा १९९६ पासूनचा प्रोग्राम कालच्या आणि आजच्या फाइली ताडून पाहतो, बदललेल्या फाइलींची नवी प्रत काढतो आणि न बदललेल्यांना नुसते आणखी एक नाव देतो. जुना स्नॅपशॉट पुसला तर ती नावे जातात, मजकूर मात्र शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत जागचा हलत नाही. हे कळले की टाइमशिफ्टची एक अट आपोआप समजते: सर्वसाधारण पेनड्राइव्हवर असलेल्या फॅट या फाइल सिस्टिममध्ये एका मजकुराला अशी अनेक नावे देण्याची सोयच नाही, म्हणून स्नॅपशॉटसाठी लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क लागते.

गैरसमज आहे तो वेगळाच. टाइमशिफ्ट मुळात वापरणाऱ्याचे स्वतःचे फोल्डर वगळतो, म्हणजे छायाचित्रे आणि कागदपत्रे त्यात येतच नाहीत. हे मुद्दाम केलेले आहे. बिघडलेली सिस्टिम गेल्या आठवड्याच्या स्थितीत नेताना या आठवड्यात लिहिलेला लेखही गेल्या आठवड्यात जाऊ नये, हा त्यामागचा विचार. कागदपत्रांसाठी ‘बॅकअप्स’ हा वेगळा प्रोग्राम असतो, तो पहिल्यांदा सारे उचलतो आणि नंतर फक्त बदल. त्यात पासवर्ड देऊन प्रती कुलूपबंद करण्याची सोय आहे, पण तो पासवर्ड विसरला तर प्रती असून नसल्यासारख्याच.

आता ती काळी चौकट. टर्मिनल हे नाव खऱ्याखुऱ्या यंत्राचे आहे: पडदा आणि कीबोर्ड असलेले, तारेने मोठ्या संगणकाला जोडलेले यंत्र. डीईसी या कंपनीने १९७८ मध्ये आणलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलची कर्सर हलवण्याची आणि पडदा पुसण्याची सांकेतिक भाषा आजचा टर्मिनल प्रोग्रामही बोलतो. कमांड तो स्वतः चालवत नाही, ते काम आत बसलेल्या बॅशसारख्या शेलचे. टर्मिनल फक्त अक्षरे नेतो आणि आणतो. मजकूर कॉपी करण्यासाठी इथे कंट्रोल आणि सीबरोबर शिफ्टही का दाबावी लागते, याचे उत्तर याच वारशात आहे, कारण कंट्रोल-सी ही जोडी चालू असलेले काम थांबवण्यासाठी कॉपी-पेस्टच्या जमान्याआधीच राखून ठेवलेली होती.

छपाईची खिडकी दिसायला साधी असली तरी तिच्यामागे १९९९ पासून चालत आलेली कप्स ही सेवा असते, जी संगणकातल्या संगणकातच एका लहानशा वेबसाइटसारखी वागते. ब्राउझरच्या पट्टीत इंग्रजीत लोकलहोस्ट, अपूर्णविराम (:) आणि ६३१ असे लिहिले की बहुतेक ठिकाणी तिचे पान उघडते आणि रांगेत अडकलेली छपाई तिथून रद्द करता येते. पत्ते, सुडोकू, सुरुंग यांसारखे खेळ काही संचांत असतात, काहींत नसतात. त्यांवर अधिक सांगण्यासारखे नाही.

ऑर्का हा प्रोग्राम मात्र मेनूत सहज दिसत नसल्याने दुर्लक्षित राहतो. दृष्टिहीन व्यक्तींसाठी तो पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो; ग्नोममध्ये सुपर (बहुतेक कीबोर्डांवर विंडोजचे चिन्ह असलेली कळ), ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की तो सुरू होतो आणि पुन्हा दाबल्या की थांबतो. पडद्याचे चित्र पाहून तो काही ओळखत नाही. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन आपल्या बटणांची, चौकटींची आणि त्यांच्या नावांची माहिती एका ठरलेल्या मार्गाने जाहीर करते आणि ऑर्का ती ऐकून बोलतो. ज्या प्रोग्रामच्या लेखकाने चित्राच्या बटणाला नाव दिलेले नाही, तिथे ऑर्का नुसते ‘बटण’ एवढेच म्हणतो.

नको असलेला प्रोग्राम काढून टाकता येतो का? येतो, पण उबुंटूसारख्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये कधी कधी ‘याबरोबर उबुंटू-डेस्कटॉप हे पॅकेजही काढले जाईल’ अशी सूचना येते आणि सारा डेस्कटॉपच जाणार या भीतीने हात थांबतो. पॅकेज म्हणजे एरवी बसवण्याजोग्या प्रोग्रामचे गाठोडे, पण हे पॅकेज वस्तुतः पोकळ असते. डेस्कटॉपच्या संचात कोणकोणते प्रोग्राम असावेत याची यादी, एवढाच त्याचा ऐवज. ते गेल्याने त्या क्षणी काही बंद पडत नाही, मात्र पुढच्या मोठ्या आवृत्तीकडे जाताना संचात नव्याने आलेले प्रोग्राम आपोआप येतील याची खात्री राहत नाही. त्यापुढे ‘आता गरज नसलेली पॅकेजेस’ म्हणून जी लांबलचक यादी दाखवली जाते, ती मात्र होकार देण्याआधी ओळीओळीने वाचावी, कारण पोकळ पॅकेजच्या आधारावर उभे असलेले चांगले-चुंगले प्रोग्रामही तिच्यात सापडू शकतात.